अभावाचे दाखले

वैशेषिक दर्शनाच्या उत्तरकालीन आचार्यांनी द्रव्य, गुण, कर्म इत्यादी सहा पदार्थांच्या पंक्तीत 'अभाव' नावाचा सातवा पदार्थ आणून बसवला, तेव्हा जी वस्तू नाहीच तिलाही एक वस्तू मानण्याचा हा उद्योग म्हणजे निव्वळ पंडिती काथ्याकूट होय, असे माझे मत कॉलेजात असताना बनले होते आणि पुढे चाळीस वर्षे ते बदलण्याजोगे काही घडले नाही. ते बदलले गेल्या आश्विनात. कोजागरीचे दूध ज्याने त्याने आपापल्या गच्चीवर न पिता समोरच्या पालिकेच्या मैदानात सगळ्यांनी मिळून प्यावे, असा ठराव आमच्या वसाहतीने टाळ्यांच्या गजरात मंजूर केला, आणि मी चिटणीस पडल्यामुळे "तेवढी परवानगी काढून ठेवा" हे काम ओघानेच माझ्याकडे आले. 'तेवढी' हा शब्द अध्यक्षांचा. अध्यक्ष निवृत्त मामलेदार आहेत, म्हणजे त्या शब्दाची व्याप्ती त्यांना पुरती ठाऊक होती. तरीही तो उच्चारताना त्यांच्या मुद्रेवरची रेषाही हलली नाही, याचे आज मला कौतुक वाटते.

ठरावाच्या दिवशी मला मात्र त्यात काहीच अवघड दिसले नव्हते. चाळीस लिटर दूध, दोनशेच्या आतबाहेर माणसे, एक ध्वनिक्षेपक, परतीच्या पावसाचा भरवसा नाही म्हणून एक बेताचा मंडप, आणि महिला मंडळाची वीस मिनिटांची नाटिका, एवढाच सगळा पसारा. शिवाय चार टाळकी जमली की मंडळ काढायचे आणि मंडळ निघाले की मंडप घालायचा, हे तर आपल्या रक्तातच आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालची, सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालचा. या कार्यांच्या थोर प्रवर्तकांची जी चरित्रे मी वाचली आहेत, त्यांत त्यांची भाषणे, त्यांचे वाद, त्यांचे कारावास सारे विस्ताराने आले आहे, परंतु मंडपाच्या परवान्यासाठी ते कोणत्या खिडकीपुढे आणि किती वेळ उभे राहिले, हा मजकूर मला कोठे आढळला नाही. चरित्रकार भाषणे छापतात, अर्ज छापीत नाहीत. त्यामुळे माझी पूर्वतयारी कच्ची राहिली.

पहिला अर्ज मी मैदानासाठी केला. खिडकीतल्या गृहस्थांनी तो वाचला, उलटून कोऱ्या पाठीकडे पाहिले, आणि अत्यंत सौजन्याने विचारले, "पोलिसांचं ना-हरकत कुठंय?"

"ते लागतं?"

"पोलिसांचं लागतं, ट्रॅफिकचं लागतं, फायरचं लागतं. मंडप आहे ना? मग नकाशा लागतो. सगळं जोडा, दोन झेरॉक्स काढा आणि आवक-जावकला टाका."

"म्हणजे मग परवानगी मिळेल?"

या प्रश्नाने त्यांना किंचित वेदना झालेली मला स्पष्ट दिसली. "आमच्याकडून काय," ते म्हणाले, "आमची काही हरकत नसते."

पुढच्या तीन आठवड्यांत मी ज्या ज्या कचेरीची पायरी चढलो, तेथे तेथे हेच वाक्य थोड्या फरकाने ऐकले, आणि मग हळूहळू माझ्या ध्यानात आले की आपल्या राज्ययंत्रात 'होय' म्हणणारा इसम बहुधा नेमलेलाच नाही. पूर्वीच्या दफ्तरांत परवाना असे, दस्तक असे, सनद असे. मोहर उठवणारा हात आपण काहीतरी देत आहोत अशा भावनेने ती उठवीत असे, आणि घेणाराही काही मिळाल्याच्या भावनेने मुजरा करून निघे. आता कोणी काही देत नाही. प्रत्येकजण एवढेच लिहून देतो की माझी हरकत नाही. आणि अशा सात-आठ जणांच्या न-हरकती एकावर एक रचल्या की जो ढीग तयार होतो, त्यालाच आपण सोयीसाठी परवानगी म्हणतो. शून्याला शून्य मिळवीत गेल्यास कितीही वेळाने शून्यच हाती येते, हा गणिताचा सिद्धांत येथे लागू पडत नाही. येथे आठ शून्यांची बेरीज एक मंडप होते.

माझ्या फायलीत अखेर जमलेले कागद मी एका रविवारी अंथरून पाहिले. कोणाची हरकत नसल्याचा दाखला. मंडळाकडे थकबाकी नसल्याचा दाखला. कार्यक्रमास प्रवेशमूल्य नसल्याचे हमीपत्र. मैदानात खड्डे न खणण्याचे हमीपत्र. वाहतुकीस अडथळा न करण्याचे हमीपत्र. कणादाच्या अनुयायांनी सातव्या पदार्थासाठी एवढा अट्टाहास का केला असावा, हे त्या सतरंजीवर बसल्या बसल्या मला उमगले. माझी फाइल चांगली दीड किलो भरत होती आणि तिच्यात निखळ अभावाखेरीज दुसरे काही नव्हते.

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्या चारांचेही मला यथाकाळ साक्षात दर्शन घडले. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा जो तिचा अभाव, तो प्रागभाव. "साहेबांच्या सहीला गेलंय" या वाक्याने तो व्यक्त होतो. उत्पन्न झालेली वस्तू नष्ट झाल्यावर उरणारा, तो प्रध्वंसाभाव. मंगळवारी माझ्यादेखत कपाटात ठेवलेला नकाशा गुरुवारी त्या कपाटात नव्हता, आणि "आणा की दुसरा" असे सांगणाऱ्या कारकुनाच्या स्वरात घट फुटल्यावर खापऱ्यांकडे पाहणाऱ्या तत्त्वज्ञाची शांती होती. तिन्ही काळी जो असतो तो अत्यंताभाव. त्याचे उदाहरण म्हणून ग्रंथकार वायूतील रूपाच्या अभावाकडे बोट दाखवतात. मी एका विशिष्ट खुर्चीकडे दाखवीन, जिच्या पाठीवर एक टॉवेल होता, टेबलावर एक चष्म्याचे घर होते, वर पंखा फिरत होता, आणि जिच्यात पाचही भेटींत मला कोणी बसलेले दिसले नाही. चौथा अन्योन्याभाव, म्हणजे घट हा पट नव्हे. हा सर्वांत व्यापक असून त्याचे शासकीय सूत्र "ही खिडकी ती खिडकी नव्हे" असे आहे.

न्यायशास्त्राची याहून बिकट परीक्षा पुढेच होती. मैदानवाले म्हणत, पोलिसांचा कागद आणा. पोलीस म्हणत, आधी अग्निशमनाचा आणा. आणि अग्निशमनवाले, त्यांच्या दृष्टीने रास्तच, म्हणत की मैदान तुम्हांला मिळाल्याचे पत्र असल्याशिवाय आम्ही कोणत्या जागेची पाहणी करणार? याला चक्रक दोष म्हणतात. शास्त्रात हा दोष आढळला की वादी हरतो. कचेरीत वादी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. चार दिवस मी या त्रिकोणाच्या बाजूंवरून येरझारा घातल्या, रिक्षाभाड्याचा आकडा दुधाच्या आकड्याला शिवू लागला, तेव्हा खजिनदारांनी ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर घातली.

मामलेदारसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो चिटणीस," ते म्हणाले, "तुम्ही दाखला मागताय, म्हणून अडताय. दाखला मागायचा नसतो, पोच मागायची. पहिल्या कचेरीत अर्ज टाका, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. त्या शिक्क्याची सत्यप्रत दुसरीकडे जोडा, वर लिहा, 'मूळ प्रकरण विचाराधीन आहे.' दुसऱ्याचा शिक्का तिसऱ्याकडे. तिसऱ्याचा पहिल्याकडे. विचाराधीन आहे हे कोणीच नाकारू शकत नाही, कारण विचार चालू नाही असं लिहून कोण देईल?"

मी तसे केले, आणि नऊ दिवस न हललेले प्रकरण दोन दिवसांत हलले. मामलेदारी ही विद्या आहे यावर माझी तेव्हापासून श्रद्धा बसली आहे.

पोलीस ठाण्यात मला जो नमुना भरावयास दिला, तो गणेशोत्सवाचा होता. कोजागरीचा स्वतंत्र नमुना नसतो. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करण्याचा अधिकार १९५१ च्या पोलीस कायद्याच्या तेहतिसाव्या कलमात आहे, आणि ते कलम मी घरी वाचून गेलो होतो; पण कलमे वाचून आलेल्या माणसाचा हवालदारांवर फारसा प्रभाव पडत नाही. "हाच भरा काका," ते म्हणाले, "आणि रकाना रिकामा सोडू नका, साहेब परत पाठवतात." पहिल्या चार ओळी सुरळीत गेल्या. पाचवा रकाना 'मूर्तीची उंची' असा होता.

"मूर्ती नाही आमच्याकडे. चंद्र आहे."

हवालदारांनी क्षणभर विचार केला. "मग उंची?"

मी 'लागू नाही' असे लिहिले. पुढचा रकाना 'विसर्जनाचा मार्ग व वेळ' असा होता, तेथेही तेच लिहिले. घरी गेल्यावर अध्यक्षांना नक्कल दाखवली तेव्हा ते हळहळले. त्यांच्या मते 'पश्चिमेकडे, पहाटे सहाच्या सुमारास' अशी बिनचूक माहिती उपलब्ध असताना ती दडवून ठेवणे योग्य नव्हते. "मिरवणूक आहे का?" या प्रश्नाला मी नाही म्हटले. "डीजे?" नाही. "मग करताय काय?" "दूध पिणार." हवालदारांनी माझ्याकडे प्रथमच निरखून पाहिले, आणि मग तो रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने भरला: 'सांस्कृतिक.'

खरी मेख ध्वनिक्षेपकाची होती. ध्वनिप्रदूषणाचे नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी लागू झाले. प्रेमिकांच्या कानगोष्टींसाठी प्रसिद्ध असलेला हा दिवस दिल्लीने मुद्दाम निवडला की योगायोगाने, हे कळण्यास मार्ग नाही. त्या नियमांप्रमाणे रात्र दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते, आणि त्या रात्रीत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. त्या वर्षीच्या आमच्या यादीत कोजागरी नव्हती. आता अडचण अशी की कोजागरीचा सारा मुद्दाच मध्यरात्रीचा आहे. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर यायला मध्यरात्र व्हावी लागते, आणि लक्ष्मी 'कोण जागे आहे' असे विचारीत फिरते ती त्याच वेळी. म्हणजे जागे राहण्यास परवानगी, पण आम्ही जागे आहोत हे देवीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगण्यास मनाई. मी हे ठाणेअंमलदारांना नम्रपणे निवेदन केले. "दहाला बंद," ते म्हणाले, "त्यानंतर देवीला काय सांगायचं ते तोंडानं सांगा."

तोंडाचीही खात्री देता येत नव्हती, हे मी त्यांच्यापासून लपवले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा त्याच नियमांत आखून दिली आहे, आणि दोन माणसांचे साधे बोलणेच ६० च्या घरात जाते. आमच्या वसाहतीत तर नळाला पाणी आले हे सांगण्याची पद्धतदेखील त्याच्या कितीतरी वरची आहे.

अग्निशमन दलाचे अधिकारी मात्र मला फार आवडले. त्यांनी माझा अर्ज उभ्या उभ्या वाचला आणि सरळ विचारले, "आग कुठं लावणार?"

"दुधाखाली."

"सिलिंडर कुठला?" घरचा लाल सिलिंडर चालणार नाही, व्यावसायिक एकोणीस किलोचा हवा, तो मंडपाच्या बाहेर, कापडापासून दूर, जवळ वाळूच्या चार बादल्या आणि एक अग्निशामक, आणि बाहेर पडण्याच्या वाटा दोन, समोरासमोर. हे सर्व त्यांनी बोटांवर मोजून सांगितले, आणि त्यांच्यापुढे मला विनोद सुचला नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाचा मंडप पेटला आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत बहुतेक मुले, त्यात गेली. २००५ साली आपल्याच मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीने शेकडो घरांत दिवे विझले. माझी तक्रार वाळूच्या बादलीविषयी कधीच नव्हती. ती बादली प्रत्यक्ष येऊन पाहणारा हाच एक माणूस मला या सगळ्या प्रवासात भेटला. बाकीच्यांना बादली असल्याचा कागद पुरला.

वर्गणीचे प्रकरण खजिनदारांनी निस्तरले. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कार्यासाठी पैसे गोळा करावयाचे तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली जावे लागते, असे त्यांना कोणीतरी सांगितले, आणि दूध पिणे धर्मादाय आहे की नाही यावर वसाहतीत दोन तट पडले. शेवटी 'वर्गणी' हा शब्द खोडून 'दुधाचे पैसे' असे पावतीवर लिहिण्यात आले, आणि दोन्ही तटांनी ते भरले.

नाटिकेची कथा यापेक्षा करुण आहे. नाटकाकडे सरकारने संशयाने पाहावे ही परंपरा जुनी. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा त्यासाठीच झाला आणि खाडिलकरांचे 'कीचकवध' १९१० साली त्याच संशयापायी बंद पडले. त्या नाटकाशी बरोबरी करण्याचा आमच्या महिला मंडळाचा इरादा नव्हता. तरीही प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे धाडावी लागते हे समजताच लेखिकाबाई प्रथम घाबरल्या, मग सुखावल्या, आणि अखेरीस आपली नाटिका कोणीतरी आक्षेपार्ह ठरवावी अशा आशेने त्यांनी तिच्यात दोन नवे संवाद घातले. तेवढ्यात तालमीतल्या सूनबाईंची बदली झाली आणि नाटिकाच बारगळली. सरकारने एक कलाकृती दडपली असे बाई आजही सांगतात, आणि मी त्यांना विरोध करीत नाही.

मैदानाचे अंतिम पत्र कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता हाती पडले. त्यात सव्वीस अटी होत्या; सव्विसावी अशी होती की वरीलपैकी कोणत्याही अटीचा भंग झाल्यास ही ना-हरकत आपोआप रद्द समजण्यात येईल. बहुतेक भंग त्या वेळेपावेतो होऊन गेले होते, कारण मंडपवाल्याने सकाळीच खड्डे खणून बांबू रोवले होते. त्याला आपण विचारायचे विसरलो, हे मला मान्य आहे.

रात्र छान झाली. केशर थोडे जास्त पडले, दूध तळाशी थोडे लागले, आणि अध्यक्षांचे भाषण बरोबर नऊ पंचावन्नला रंगात आले असता दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद झाला, याबद्दल श्रोत्यांनी कायद्याला मनोमन धन्यवाद दिले. साडेअकरापर्यंत मुले झोपली, मोठी माणसे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडून घरी गेली. मध्यरात्री चंद्र माथ्यावर होता आणि मैदानात तिघेच जागे होतो: सहाच्या आत जागा मोकळी करावयाची म्हणून मी, भाड्याच्या खुर्च्या मोजण्यासाठी मंडपवाला, आणि बंदोबस्तावरचा शिपाई. त्याला मी पातेल्यातले शेवटचे दूध पेल्यात काढून दिले. देवीने विचारले असेल तर हजेरीत आमची तीन नावे लागली असतील.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा माझ्याकडे आला. त्याला दहावे लागते आहे आणि वाढदिवस इमारतीच्या गच्चीवर करावयाचा आहे. पंधरा-वीस मित्र, एक केक, फुगे.

"काका, करू ना?"

गच्चीची किल्ली चिटणिसाकडे असते. मी त्याला सांगितले की अर्ज कर, दोन प्रती कर, आणि गच्चीखाली राहतात त्या चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची हरकत नसल्याचे त्यांच्या सहीनिशी जोड. मेणबत्त्या किती लावणार तेही लिही.

"पण तुमची परवानगी आहे ना?"

"माझी," मी म्हणालो, "काही हरकत नाही."

अर्ज आला आहे. वहीच्या रेघी कागदावर, निळ्या पेनाने, 'मेणबत्त्या १०, लगेच विझवणार' असे त्यात लिहिले आहे. आजोबांचा कागद मात्र अद्याप जोडलेला नाही, सबब अर्ज माझ्या टेबलावर चष्म्याच्या घराखाली ठेवला आहे.